'ओळख पटली नाही' म्हणजे नेमके काय?



सात-बारा, पीक पाहणी, बँकेचे खाते, पीएम किसानचा हप्ता, उसाची नोंद, बिलाची चौकशी. एकेकाळी ज्या कामांना तालुक्याला चार हेलपाटे पडत, ती कामे आता हातातल्या मोबाईलवर येऊन बसली आहेत. सोय झाली हे खरे. पण प्रत्येक दारावर एक यांत्रिक दारवान उभा आहे आणि तो आधी विचारतो, "आपण कोण?" उत्तर जुळले तर दार उघडते. नाही जुळले तर पडद्यावर एक ओळ उमटते, बहुधा इंग्रजीत आणि बहुधा निरर्थक. सभासद ती बघतो, दोनदा पुन्हा दाबतो, मग पोराला हाक मारतो. पोरगाही तीनदा दाबतो आणि खाते तात्पुरते बंद पडते.

ती ओळ येते कोठून, तिचा अर्थ काय, आणि ती आल्यावर काय करावे, हे समजावून द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच. यातला काही भाग सभासदांसाठी आहे. काही भाग त्यांच्या मुलामुलींसाठी आहे, कारण आपल्या गावांतली कितीतरी मुले आज पुण्या-मुंबईत संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत आहेत आणि ही दारे बांधण्याचे काम त्यांच्याच हातून होत आहे.

ओळख वेगळी, अधिकार वेगळा

प्रथम दोन गोष्टी निरनिराळ्या करून घेऊ. कारखान्याच्या गेटवर वॉचमन विचारतो, "कोण आपण?" ही झाली ओळख. आपण सभासद आहात हे पटले, आत आलात, आणि थेट साखर गोदामाचे कुलूप उघडू लागलात, तर तो म्हणेल, "साहेब, आपण सभासद खरे, पण इथे आपल्याला परवानगी नाही." हा झाला अधिकार.

संगणकाच्या जगात या दोन नकारांना दोन वेगळे क्रमांक आहेत. ४०१ म्हणजे "तुम्ही कोण ते मला पटलेले नाही." ४०३ म्हणजे "तुम्ही कोण ते समजले, पण हे तुमच्यासाठी नाही." पहिल्यात पुन्हा लॉगिन केल्याने काम होऊ शकते. दुसऱ्यात शंभर वेळा पासवर्ड टाकला तरी उपयोग नाही. ज्याच्या हाती परवानगी देणे आहे त्याच्याकडेच जावे लागते. पुष्कळ ॲप्स या दोन्ही ठिकाणी "एरर, पुन्हा प्रयत्न करा" एवढेच म्हणतात, आणि माणूस दिवसभर चुकीचे दार ठोठावत बसतो.

लायब्ररी म्हणजे काय?

इथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. एखादे काम वारंवार लागते तेव्हा कोणीतरी त्याचा प्रोग्रॅम एकदाच नीट लिहून ठेवतो आणि बाकीचे तो आपापल्या कामात जोडून घेतात. अशा तयार संचाला लायब्ररी म्हणतात. ओळख पटवण्याचे काम नाजूक असल्याने शहाणा माणूस ते घरी बनवत नाही, तयार लायब्ररी घेतो. गूगलची फायरबेस ऑथेंटिकेशन ही अशीच एक सेवा आहे. जँगो या संचातही ओळख पटवण्याचा भाग तयारच मिळतो.

कारखान्याचा बॉयलर आपण बनवत नाही, तज्ज्ञ कंपनीकडून घेतो. त्यावर दाबाचा काटाही त्यांनीच बसवून दिलेला असतो. पण काटा लाल रेषेकडे सरकला तर काय करायचे, कोणाला हाक मारायची, हे आपल्या माणसाला ठाऊक असावे लागते. लायब्ररीचेही तसेच आहे. काय बिघडले ते ती सांगते. ते ऐकून सभासदाला काय सांगायचे, हे ॲप बनवणाराचे काम. बहुतेक घोटाळा याच टप्प्यावर होतो.

क्रमांक आणि वाक्य

बिघाड झाला की लायब्ररी दोन गोष्टी परत देते, एक ठरलेली खूण आणि एक वाक्य. आपल्या उसाच्या जातीचे उदाहरण घ्या. को ८६०३२ ला कोणी नीरा म्हणेल, कोणी नुसता आकडा सांगेल. पण बेणे घेताना आपण आकडा बघतो. बोलीतले नाव बदलेल, आकडा बदलत नाही.

म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांना आमचे सांगणे आहे की निर्णय खुणेवरून घ्यावा, वाक्यावरून घेऊ नये. वाक्यातला एखादा शब्द लायब्ररीच्या पुढच्या आवृत्तीत बदलला की वाक्य तपासणारा प्रोग्रॅम कोलमडतो. दुसरे असे की लायब्ररीचे वाक्य हे प्रोग्रॅमरसाठी लिहिलेले असते. ते जसेच्या तसे सभासदापुढे टाकणे म्हणजे बॉयलर अटेंडंटची नोंदवही गाडीवानाच्या हातात देण्यासारखे आहे. प्रत्येक खुणेसाठी साध्या मराठीत दोन गोष्टी लिहाव्यात. काय झाले, आणि आता काय करावे. यादीत नसलेली खूण आली तर काय दाखवायचे तेही आधीच ठरवून ठेवावे, कारण अशी खूण आज ना उद्या येतेच.

कोणत्या संदेशावर काय करावे?

नेहमी भेटणारे प्रकार मोजके आहेत. ते ओळखता आले की निम्मा त्रास वाचतो.

१. 'नेटवर्क' असा शब्द दिसला तर तुमचा पासवर्ड चुकलेला नाही. तो तपासणाऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही. पासवर्ड बदलू नका. रेंज असेल तेथे जाऊन पुन्हा करा.

२. 'ओटीपीची मुदत संपली' आणि 'ओटीपी चुकला' यांत फरक आहे. मुदत संपली असेल तर नवा ओटीपी मागवावाच लागतो. चुकला असेल तर आधी नीट वाचा. दोन-तीनदा मागवला असेल तर शेवटी आलेलाच चालतो असे समजा, पहिला टाकत बसू नका.

३. 'फार वेळा प्रयत्न झाले' असे आले तर थांबा. हा दंड नव्हे, तुमच्याच घराचे संरक्षण आहे. सहा आकडी ओटीपीच्या दहा लाख शक्यता असतात. सेकंदाला एक या गतीने यंत्राने त्या आजमावल्या तर साडेअकरा दिवसांत साऱ्या संपतात, आणि यंत्र सेकंदाला एकावर थोडेच थांबते! पाच प्रयत्नांनंतर दार बंद केले तर चोराला संधी दोन लाखांत एक एवढीच उरते. मात्र किती वेळ थांबायचे हे संदेशात लिहिले पाहिजे. "नंतर या" म्हणणे आणि "पंधरा मिनिटांनी या" म्हणणे यात फार अंतर आहे.

४. 'सेशन संपले' किंवा 'टोकन संपले' म्हणजे तुमचा पास जुना झाला. फायरबेसचा असा पास एक तासाचा असतो आणि एरवी ॲप तो गुपचूप बदलून घेते. ते जमले नाही तर पुन्हा लॉगिन करावे. काही हरवलेले नसते.

५. मोबाईलचे घड्याळ चुकलेले असेल तर चमत्कारिक चुका येतात. दर ३० सेकंदांनी बदलणारे आकडे दाखवणारी ॲप्स घड्याळावरच चालतात. त्यांची रीत २०११ साली प्रमाणित झाली. तुमचे घड्याळ पाच मिनिटे मागे असेल तर आकडे बरोबर वाचूनही चूकच ठरणार. सेटिंगमध्ये तारीख-वेळ आपोआप घेण्याची सोय चालू ठेवावी.

६. आपणच मध्ये 'मागे' दाबून खिडकी बंद केली तरी लायब्ररी त्याची एक खूण पाठवते. ही काही चूक नव्हे. मनुष्य बेत बदलून परत फिरला, एवढेच. त्याच्यापुढे लाल अक्षरांत इशारा नाचवायचे कारण नाही.

दारवानाने किती बोलावे?

आता जरा वेगळा मुद्दा. तुम्ही म्हणाल, संदेश स्पष्ट असावा एवढेच ना? तेवढेच नाही. काही ठिकाणी यंत्राने मुद्दाम कमी बोलावे लागते.

समजा एखाद्या ॲपवर चुकीचा मोबाईल नंबर टाकला तर "या नंबरचे खाते नाही" असे येते आणि नंबर बरोबर असून पासवर्ड चुकला तर "पासवर्ड चुकला" असे येते. आपल्याला हे सोयीचे वाटते. पण हजारो नंबरांची यादी घेऊन बसलेल्या भामट्याला यातून पासवर्ड न मिळताही हवे ते मिळते. कोणता नंबर खातेदाराचा आहे, हे त्याला दारवानानेच सांगितले. मग बिलाच्या आठवड्यात फोन येतो, "दादा, तुमचं बिल अडकलंय, आलेला ओटीपी जरा सांगा." समोरच्याला आपण सभासद असल्याचे माहीत आहे, म्हणजे तो ऑफिसातलाच असणार, असे वाटून भोळा माणूस आकडे वाचून दाखवतो. हंगामभराचा घाम एका मिनिटात जातो.

म्हणून जाणकारांचा नियम असा की दोन्ही वेळी उत्तर एकच द्यावे, "नंबर किंवा पासवर्ड जुळत नाही." फायरबेसमध्ये पूर्वी ईमेल आणि पासवर्डने लॉगिन करताना 'खाते नाही' आणि 'पासवर्ड चुकला' अशा दोन वेगळ्या खुणा मिळत. १५ सप्टेंबर २०२३ पासून तेथे सुरू होणाऱ्या नव्या कामांना हा भेद लपवणारे संरक्षण मुळातच चालू असते आणि दोन्हींसाठी एकच सामाईक खूण येते. जुन्या दोन खुणांवर विसंबून लिहिलेले प्रोग्रॅम नव्या कामात तसेच उचलले, तर त्यांना ही खूण ओळखताच येत नाही. 'यादीत नसलेली खूण आज ना उद्या येतेच' असे वर म्हटले ते यासाठीच.

नुसते शब्द सारखे करूनही भागत नाही. पासवर्ड तपासण्याची क्रिया मुद्दाम सावकाश ठेवलेली असते, म्हणजे चोराला भराभर आजमावता येऊ नये. पण खातेच नसेल तर तपासायचे काय? यंत्र झटकन नकार देते. शब्द तोच, पण एक नकार लगेच आणि दुसरा जरा दमाने. एवढ्यावरून हुशार चोर ओळखतो. जँगोमध्ये यावर उपाय केलेला आहे. खाते नसले तरी ते पासवर्डवरची तीच क्रिया एकदा करून घेते, म्हणजे वेळेतला फरक कमी होतो.

दूरच्या संगणकावर लॉगिन करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममध्येही ऑगस्ट २०१८ मध्ये असाच दोष उघड झाला. मुद्दाम मोडकी विनंती पाठवली की नसलेल्या नावासाठी तो नकार देई आणि असलेल्या नावासाठी मुकाट्याने जोडणी तोडी. वागण्यातल्या तेवढ्या फरकावरून नावे ओळखता येत होती. दारवान गप्प राहिला तरी त्याच्या चेहऱ्यावरून कळते, त्यातलाच प्रकार.

चूक ओळखण्यातच चूक झाली तर

याहून गंभीर गोष्ट म्हणजे नकाराचा होकार होणे. मोठमोठ्या लायब्ऱ्यांतही हे घडलेले आहे, आणि प्रत्येक वेळी मूळ कारण क्षुल्लक होते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीला आपल्या फोनसाठी तातडीने दुरुस्ती काढावी लागली. समोरचे संकेतस्थळ खरे की खोटे हे पायरीपायरीने तपासणाऱ्या भागात "चूक असेल तर शेवटाकडे जा" अशा अर्थाच्या ओळी होत्या. त्यांतली एक ओळ चुकून लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती. दुसरीला "चूक असेल तर" ही अट लागूच झाली नाही. परिणामी यंत्र दर वेळी शेवटची तपासणी ओलांडून शेवटाकडे जाई, आणि चुकीच्या रकान्यात तोवर 'चूक नाही' असेच असे. तपासणी झालीच नाही, शेरा मात्र 'बरोबर'.

पुढच्याच महिन्यात जीएनयूटीएलएस या लायब्ररीत दुसरा नमुना सापडला. एका भागाने शून्य म्हणजे 'नाही' आणि एक म्हणजे 'होय' असे उत्तर द्यायचे होते. तपासताना काही बिघडले तर तो उणे आकडा देई, आणि पुढचा भाग शून्य नसलेले सारे 'होय' धरी. वजनकाटा बंद पडला आणि कारकुनाने 'वजन बरोबर' असा शिक्का मारला, त्यातली गत!

ऑक्टोबर २०१८ मध्ये एलआयबीएसएसएच या लायब्ररीत तर कमाल उघडकीस आली. ओळख पटल्यावर "तुम्ही पास झालात" हा संदेश दारवानाने पाहुण्याला द्यायचा असतो. येथे पाहुण्यानेच तो संदेश दारवानाकडे पाठवला तरी दारवान मान्य करून आत सोडत होता.

या तिन्हींतून एकच धडा निघतो. ओळख पटवताना काहीही अनपेक्षित झाले, समजले नाही, काटा अडकला, तर उत्तर 'नाही' हेच असावे. 'होय' फक्त एकाच वाटेने निघावे आणि त्या वाटेवरची प्रत्येक पायरी पूर्ण झालेली असावी. आणि प्रोग्रॅम तपासताना खरा पासवर्ड टाकून दार उघडते का एवढेच बघू नये. खोटा टाकून, रिकामा ठेवून, मध्येच इंटरनेट तोडून दार बंदच राहते का, हेही बघावे.

वहीत काय लिहावे?

सभासदाला कमी सांगायचे, तर मग बिघाड शोधायचा कसा? त्यासाठी आतल्या नोंदवहीत सविस्तर लिहावे. वेळ, खूण, कोणत्या पायरीवर अडले, आणि एक संदर्भ क्रमांक. तोच क्रमांक सभासदाला दाखवावा. सभासदाने फोन करून क्रमांक सांगितला की वहीतले पान उघडते, त्याला इंग्रजी वाचून दाखवावे लागत नाही.

पण या वहीत पासवर्ड आणि ओटीपी कधीही लिहू नयेत. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलण्याची सूचना केली होती. कारण हेच. एका दोषामुळे पासवर्ड झाकून ठेवण्याआधीच आतल्या नोंदवहीत उघडे लिहिले जात होते. तिजोरी भक्कम, पण किल्लीचा नंबर हजेरीपटावर, असे ते झाले.

आधारचे क्रमांक आणि आपली बोटे

सभासदांचा सर्वांत जास्त संबंध येतो तो आधारच्या ओळखीशी. तेथेही प्रत्येक नकाराला क्रमांक आहे आणि प्राधिकरणाने त्याची यादी प्रसिद्ध केलेली आहे. ३०० म्हणजे बोटाचा ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे ठसे, बुबुळ वगैरे खातेदारानेच कुलूपबंद केलेले आहेत. ४०० म्हणजे ओटीपी जुळला नाही. १०० म्हणजे नाव वगैरे तपशील जुळला नाही. ५६१ म्हणजे विनंती शिळी झाली.

हे क्रमांक कळले की वागणे बदलते. कोयता, पाचट, खतगोणी आणि धार काढणे यांनी झिजलेल्या बोटांना ३०० वारंवार येतो. हात धुऊन कोरडे करा, यंत्राची काच पुसायला सांगा, दुसरे बोट ठेवा. तरीही न जमल्यास जेथे सोय असेल तेथे बुबुळ, चेहरा किंवा ओटीपीचा मार्ग मागा. पण ३३० आला असेल तर दहाही बोटे ठेवून उपयोग नाही, आधी कुलूप उघडावे लागेल. आणि १०० आला तर प्रश्न कागदाचा आहे. सात-बारावर 'बाळासो ज्ञानू' आणि आधारवर 'बाळासाहेब ज्ञानदेव' असेल तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसे आहेत. दुरुस्तीचा अर्ज केल्यावाचून ते एक होत नाहीत.

अडचण ही की केंद्रावरचा माणूस क्रमांक न बघता "होत नाही, उद्या या" म्हणतो. रोजगार बुडवून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे चार शब्द फार महाग पडतात. तेव्हा "नंबर काय आला ते सांगा आणि कागदावर लिहून द्या," एवढे विचारायला शिकावे. ते विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

सारांश

यंत्राने संशय आला की दार बंद ठेवावे, हे आम्ही वर सांगितले. पण दार बंद राहिले म्हणून माणूस वाऱ्यावर सोडता येत नाही. ओळख पटली नाही याचा अर्थ तो माणूस खोटा आहे असा होत नाही. यंत्राला त्या क्षणी खात्री करता आली नाही, एवढाच होतो. बंद दाराशेजारी एक खिडकी असावी, तेथे कागद बघणारा माणूस असावा आणि त्याचा फोन नंबर संदेशातच असावा. ॲप कोणाचेही असो, सभासदांनी ही मागणी धरावी, आणि ॲप बनवणाऱ्या आपल्या मुलांनी ती मनावर घ्यावी.

सभासदांनी स्वतःपुरते एवढे सांभाळावे. संदेश वाचल्याखेरीज पुन्हा दाबू नये. संदेशाचा फोटो काढून ठेवावा, मात्र त्यात ओटीपी किंवा पासवर्ड दिसत नाही हे बघावे. मोबाईल नंबर बदलला तर बँकेत, आधारला आणि कारखान्याच्या शेतकी ऑफिसात लगेच कळवावे, कारण बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो आणि तुमचा ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. ओटीपी कोणी फोनवर मागितला तर तो मागणारा आपला नव्हेच, मग त्याने कारखान्याचे नाव घेवो की बँकेचे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे.

उसाचे वजन आपण काट्यापाशी उभे राहून, आकडा वाचून घेतो. पडद्यावरचा आकडाही तसाच वाचून घ्यावा.